मुदत संपते तेव्हा काम कुणाचं वाढतं?

(अर्धापूर इथं बचत गट, अंगणवाडी आणि समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघी हसल्या. "ताई, बायकांच्या शिबिरात कॉम्प्युटरचं काय काढलं?" असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "आमच्याकडं एक पोरगं येतं, ते बघतं सगळं." मला आधी त्या पोराबद्दलच बोलायचं आहे, कारण मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत होते. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. आम्हाला व्यक्ती-सहाय्य कार्य शिकवलं, गटकार्य शिकवलं, नोंदी कशा लिहायच्या हे तर घोटून घेतलं. पण त्या नोंदी ज्या यंत्रात ठेवायच्या ते एक दिवस म्हातारं होतं, आणि त्याचा दिवस आधीच ठरलेला असतो, हे काही कुणी शिकवलं नाही. ते मला एका बाईमुळं कळलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या केंद्रात एक ताई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. त्या २००९ सालीही आमच्याकडं आल्या होत्या, तेव्हा मी या कामात नव्हते. मारहाण होत होती, अंगावरच्या खुणा आमच्या कार्यकर्तीनं लिहून घेतल्या, नवऱ्याला बोलावलं, बैठका झाल्या, समझोता झाला. मग त्या नांदायला गेल्या. आता नवऱ्यानं घराबाहेर काढल्यावर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांनी राहत्या घराचा हक्क आणि पोटगी मागितली. नवऱ्याचं म्हणणं असं की, आमचा संसार इतकी वर्षं सुखाचा होता, हिनं कधी कुणाकडं तक्रार केलेली नाही. वकीलताई म्हणाल्या, जुनी नोंद आणा.

नोंद होती. पण कुठं? त्या काळातली कागदाची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती आणि कुणाला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं, कारण "सगळं कॉम्प्युटरमध्ये घेतलंय" असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. कॉम्प्युटर कपाटाच्या वर, कापडात गुंडाळून ठेवलेला. तो सुरूच होईना. मग ते पोरगं आलं. त्यानं आतली डिस्क काढली, नव्या मशीनला जोडली, आणि खरंच, २००९ च्या फायली दिसल्या. फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, टिंबं. मराठीचं एक अक्षर नाही. आकडे तेवढे वाचता येत होते. १४-७-२००९ ही तारीख स्पष्ट. त्या तारखेला काय घडलं, ते नाही.

असं का झालं ते समजून घेऊ या. ही अडचण एकट्या आमची नाही, मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक जुन्या संस्थेची आहे. पूर्वी मराठी टाईप करायला प्रत्येक कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर असायचं. संगणकात इंग्रजी अक्षरांना ज्या जागा ठरलेल्या होत्या, त्याच जागांवर या कंपन्यांनी आपापल्या सोयीनं मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. एकीचा 'क' एका जागेवर, दुसरीचा दुसऱ्या. म्हणजे फाईलमध्ये मराठी नसतंच, नुसते जागांचे नंबर असतात. ते मराठीत दाखवणारा फाँट गेला की मजकूर मुका होतो. शिवाय या सॉफ्टवेअरना कुलूप असायचं. बोटाएवढी एक डबी संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत लावायची, ती नसली तर सॉफ्टवेअर चालत नसे. आमची डबी कुठं गेली कुणास ठाऊक. सापडली असती तरी नव्या संगणकाला तसली खोबणी नाही.

युनिकोड आलं तेव्हा जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर मिळाला. देवनागरी त्यात १९९१ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण आपल्याकडची कार्यालयं, छापखाने आणि संस्था त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फाँटवर टाईप करत राहिल्या. चळवळीतली पत्रकं आणि अंक पेजमेकरवर लागायचे. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि २००४ मध्ये कंपनीनं पुढचं काम थांबवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, पुनर्वसनाच्या कामात उतरलेल्या एका ज्येष्ठ ताईंची डायरी मी पाहिली आहे. निळी शाई थोडी फिकी झाली आहे, पण सगळं वाचता येतं. त्याच ताईंनी मला १९९८ ची एक फ्लॉपी दिली, ती मी अजून कुठंच उघडू शकलेले नाही.

त्या बाईच्या प्रकरणाचं काय झालं ते सांगते. दोन महिने खटपट करून, ओळखीतून एक जुना फाँट मिळवून, आम्हाला निम्मा-अधिक मजकूर वाचता आला. दरम्यान ताईंनी घरातून निघताना बरोबर आणलेली पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, समझोत्याच्या कागदाची कार्बन प्रत. सोळा घड्या पडलेली. शाळा तिसरीपर्यंत झालेल्या बाईनं कागद जपला होता आणि आम्ही, नोंदी ठेवणं हेच ज्यांचं काम, त्यांनी तो घालवला होता. पण त्या कागदावर समझोत्याच्या अटी होत्या, मारहाणीच्या खुणांचं वर्णन नव्हतं. ते आमच्या फाईलमध्ये होतं, आणि नेमका तोच भाग अजूनही धड वाचता येत नाही. प्रकरण चालू आहे.

आता मुद्द्यावर येते. सॉफ्टवेअरचा 'सपोर्ट संपला' म्हणजे काय? कंपनी जे सॉफ्टवेअर विकते त्यात भोकं असतात. ती कुणीतरी शोधून काढतं, कंपनी ठिगळ पाठवते, आपण त्याला अपडेट म्हणतो. ठरलेल्या दिवसानंतर ठिगळं येणं बंद होतं. विंडोज एक्सपीसाठी तो दिवस होता ८ एप्रिल २०१४. विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२०. विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५. घरगुती वापराच्या संगणकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष सुरक्षेची ठिगळं मिळण्याची सोय कंपनीनं जाहीर केली, पण ती नुसती मुदतवाढ.

फसगत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच होत नाही. संगणक सुरू होतो, हिशेब होतात. मग आपण म्हणतो, चाललंय की! भोकं तर नवी सापडतच असतात, फक्त बुजवणारं कुणी नसतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये संगणक बंद पडून रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. त्या भोकाचं ठिगळ दोन महिने आधीच निघालेलं होतं. ज्यांनी ते लावलं नाही ते अडकले. एक्सपीवाल्यांना तर ते आधी मिळालंच नव्हतं, गोंधळ झाल्यावर कंपनीनं अपवाद म्हणून दिलं. आपल्या संगणकात काय आहे? मारहाणीला कंटाळून निघालेल्या बाईचा सध्याचा पत्ता. तिच्या मुलीची शाळा. तिचा फोन नंबर. ही माहिती भलत्याच्या हाती गेली तर तिथं जीवाशी गाठ आहे.

हे सगळं अचानक आलेलं संकट आहे का? नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये बाजारात आलं तेव्हाच त्याची दहा वर्षांची मुदत ठरलेली होती. तुम्ही अर्धापूरच्या बायका, केळीतल्या. एका झाडाला एकच घड येतो आणि घड उतरला की त्या झाडाचं काम संपलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण म्हणून कुणी घड उतरल्यावर डोक्याला हात लावून बसतं का? कोणतं पील ठेवायचं आणि कोणती कापायची हे आधीच ठरतं, तेव्हा पिलबाग उभी राहते. शेतात हे रोज करणाऱ्या बायका कार्यालयात आल्या की यंत्रापुढं गप्प बसतात, कारण तिथं त्यांना कुणी विचारत नाही.

आणि आधी ठरवायचं मनात आणलं तर मोठ्यांसाठी कसं नीट ठरवलं जातं तेही बघा. बँकांच्या एटीएममध्ये एक्सपीच चालत होतं, मुदत संपून चार वर्षं झाली तरी. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि टप्पे घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव एटीएम बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, जूनपर्यंत सगळी. उशीर झाला होता, पण योजना होती. तारीख होती, जबाबदारी कुणाची ते लिहिलेलं होतं, आणि खर्च बँकेचा होता. पैसे मोजणाऱ्या यंत्राला हे मिळालं.

मुलांची वजनं नोंदवणाऱ्या बाईला काय मिळालं? इथं बसलेल्या अंगणवाडीताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, २०१९ मध्ये महाराष्ट्रात सेविकांच्या हाती मोबाईल आले. लाखाच्या घरात मोबाईल, २ जीबी रॅमचे. त्यात 'कॅस' नावाचं ॲप होतं. ते शिकून हात बसतो न बसतो तोच ते बंद झालं आणि २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं. नवं ॲप जुन्या फोनला पेलवेना. फोन तापायचा, अडकायचा. दोन वर्षांची हमी संपली होती आणि दुरुस्तीचे हजारो रुपये मानधनातून काढा म्हणायचे. त्यातून ॲप इंग्रजीत. माहिती भरली नाही तर मानधन कापण्याची भीती! ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत करून टाकले. राज्य अंगणवाडी कर्मचारी कृती समितीचं ते आंदोलन. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि फेब्रुवारी २०२३ च्या संपात मानधनवाढीबरोबर नव्या मोबाईलची मागणी पुन्हा होतीच.

त्या आंदोलनाची बातमी वर्तमानपत्रांत "सेविकांचा मोबाईलला विरोध" अशा थाटात यायची. मला त्याचा राग यायचा. जणू बायकांना यंत्र नको होतं! त्यांचं म्हणणं साधं होतं की चालणारं द्या, आमच्या भाषेत द्या आणि बिघडलं तर खर्च आमच्या माथी मारू नका. तांत्रिक भाषेत सांगायचं तर त्या बायकांनी जुन्या यंत्राचा सपोर्ट मागितला होता.

हे संपलेलं नाही. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. चेहरा जुळवायला कॅमेरा बरा हवा, फोनला ताकद हवी, रेंज हवी. जुळला नाही तर गरोदर बाई दारात उभी, आणि समोर सेविका. ॲप बनवणारा दिल्लीत असतो. शिव्या सेविकेला.

आता थोडं घरातलं. आपण नेहमी म्हणतो, बाई सगळ्यात शेवटी जेवते, शिळं तिच्या वाट्याला येतं. फोनचंही तेच आहे. नवा फोन आला की तो मालकाला, मालकाचा पोराला, आणि पोरानं फोडून-वापरून झाला की आईला. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून थोड्याच अधिक बायकांनी स्वतः वापरतो असा फोन आहे असं सांगितलं. त्या निम्म्यांतल्या किती जणींचा फोन असा शिळा असेल, याचा विचार करा. या शिळ्या फोनला ठिगळं येणं केव्हाच थांबलेलं असतं. आणि त्याच फोनवर आपण तिला सांगतो: बँकेचं ॲप घे, गटाचा हप्ता इथून भर, लाडक्या बहिणीचा ओटीपी यावरच येईल. पैसे गेले तर घरचे काय म्हणतात? "बाईच्या हातात फोन दिला म्हणून." फोन कसला दिला होता, हे कुणी बोलत नाही.

आम्ही आमच्या केंद्रात त्या अनुभवानंतर काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही आणि सगळं जमलंही नाही. एक शंभर पानी वही केली. तिच्यात प्रत्येक यंत्राचं एक पान: कधी घेतलं, कुणी दिलं, आत कोणतं सॉफ्टवेअर, त्याची मुदत कधी संपते, आत कुणाच्या नोंदी आहेत, पासवर्ड कोणत्या दोघींना माहीत आहे. दोघींना, एकीला नाही, आणि त्या पोराला तर एकट्याला अजिबात नाही. ही वही लिहायला आम्हाला तीन बैठका लागल्या, कारण पहिल्या बैठकीत आमच्यापैकी एकीलाही संस्थेच्या संगणकात विंडोज कितवं आहे ते सांगता आलं नाही. मलाही नाही.

मग जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून मूळ छापील प्रत असेल तर ती समोर ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. बाईची साक्ष आहे ती. 'मारलं' चं 'मारल' झालं तर चालेल, पण तारीख किंवा नाव चुकलं तर कोर्टात आपलीच पंचाईत. हे काम अजून निम्मं राहिलंय. मूळ फायली पुसू नका, रूपांतर वेगळं ठेवा. नोंदींची एक प्रत संस्थेत, एक दुसऱ्या ठिकाणी कुलपात, आणि महत्त्वाच्या प्रकरणाची चांगल्या कागदावर छापून एक. कागदाला कुणी मागासलेलं म्हणालं तर त्या पत्र्याच्या पेटीची गोष्ट सांगा.

जुना संगणक भंगारवाल्याला देताना आतली डिस्क काढून घ्या. आमच्या शेजारच्या एका संस्थेनं ती न काढता मशीन विकलं. पुढं काय झालं नाही, पण ती बातमी कळल्यावर मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. देणगीदार संगणक देतात, फोटो काढतात. सात वर्षांनी तो बदलायचा खर्च प्रस्तावात कुणी धरत नाही, आपणही नाही. बचत गटाला हिशेब काय शिकवायचा? चाळीस हजारांचं मशीन सात वर्षांत बदलायचं धरलं तर महिन्याला पावणेपाचशे रुपये बाजूला पडले पाहिजेत. आम्ही ते आता टाकतो. दोन महिने चुकलेत. प्रस्तावातही हा खर्च वेगळा लिहितो. एका देणगीदारानं खोडला, एकानं मान्य केला.

नवं मशीन घेणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. विंडोज ११ ला जुनी कितीतरी मशीनं चालत नाहीत, कारण त्याला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि त्यामानानं नवा प्रोसेसर लागतो. पण मशीन धडधाकट असेल तर त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवता येते. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं हेच वापरलं जातं, आणि आपल्या सी-डॅकनंही 'बॉस' नावाची प्रणाली केलेली आहे. माझं मत विचाराल तर लिहिण्या-वाचण्याच्या मशीनला हे उत्तम. पण हिशेबाचं तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते आधी तपासा. आम्ही एका मशीनवर बसवलं, दुसऱ्यावर हिशेबनीसताईंनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं.

एक शेवटचं. यापुढं कुणीही, शासन असो, बँक असो की देणगीदार, आपल्या हातात यंत्र किंवा ॲप ठेवलं तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारायच्या आणि उत्तर लेखी मागायचं: हे कधीपर्यंत चालणार, बंद झाल्यावर आमची भरलेली माहिती आम्हाला कोणत्या रूपात परत मिळणार, दुरुस्ती कुणाच्या पैशानं, आणि मराठीत आहे का. तुम्ही हसाल, पण हे प्रश्न विचारल्यावर एका बैठकीत साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी सांगतो." ती पुढची वेळ अजून आली नाही. आम्ही आठवणपत्र दिलं आहे, दुसरं या महिन्यात देणार.

आता जेवणाची सुट्टी आहे. जेवणानंतर गटागटानं बसू. प्रत्येकीनं आपला फोन बरोबर आणा. सेटिंगमध्ये जाऊन 'फोनबद्दल' उघडायचं, त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती वहीत लिहायची. पुढं फोन आधी कुणाचा होता तेही लिहायचं. माझ्या फोनवर मार्च २०२२ दिसते आहे. तो आधी माझ्या भावाचा होता.